मदत हवी आहे : २४ दिवसांच्या बाळाचे ओठ निळसर दिसतायत, सोमवारपर्यंत थांबू का? (इंदूर)

नमस्कार, बाळंतपणाला माहेरी आलेय, इंदूरला रामबागेत. लेक आज २४ दिवसांची. तीन दिवसांपासून न्हाऊ घातलं की तिच्या ओठांभोवती निळसर दिसतं, हातापायाचे पंजे तर जांभळेच होतात, मग दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलं की पंधरा-वीस मिनिटांत परत गुलाबी. आई म्हणते थंडी आहे, तुझंही असंच व्हायचं. मलाही पटलं होतं, पण काल रात्री दूध पिताना मधेच थांबली, धाप लागल्यासारखं झालं, कपाळाला घाम, आणि मला ओठच निळे वाटले. ट्यूबलाइटमुळे तसं दिसलं की खरंच, कळेना, फोटोत रंग नीट येत नाही. ताप नाही, शी-शू व्यवस्थित. अंगावरचं पुरत नाही म्हणून दिवसातून दोनदा पावडरचं दूध देतो, पाणी घरच्या बोरिंगचं, उकळून. आमचे डॉक्टर सोमवारी येणार. रात्रभर तिचा श्वास बघत बसलेय, प्लीज कोणीतरी सांगा.

प्रतिसाद :
ताई, मी ग्वाल्हेरला लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. सोमवारची वाट बघू नका, आजच कुठल्याही बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आंघोळीनंतर पंजे आणि ओठांभोवतीची कडा निळी होणं नवजात बाळात चालतं. पण आधी खिडकीशी उजेडात नेऊन जीभ, हिरड्या, ओठाची आतली बाजू बघा, ती निळी किंवा राखाडी असेल तर रक्तातच ऑक्सिजन कमी पडतोय. मग डॉक्टर शोधत बसायचं नाही, सरळ १०८ लावायचा. बरगड्या आत ओढल्या जात असतील, कण्हत असेल, सुस्त पडली असेल, दूधच घेत नसेल तरी तेच. पिताना घाम आणि धाप म्हटलं की हृदयाची शंका घ्यावीच लागते, जन्मजात दोष असू शकतो, न्यूमोनियातही ओठ निळे पडतात, हे घरी बसून कळत नाही हो.

आणि बोरिंगचं पाणी आत्ताच बंद करा! त्यात नायट्रेट नावाचा क्षार जास्त असला तर इतक्या लहान बाळाच्या रक्ताला ऑक्सिजन नीट वाहता येत नाही, अंग राखाडी-निळं पडतं. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं उलट वाढतं. आपल्याकडे मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची आहे, पाणी तपासून घ्या. डॉक्टरांना पाण्याचं आवर्जून सांगा, कारण या त्रासात ऑक्सिमीटरचा आकडा खरा येत नाही.

अपडेट (धागाकर्ती) :
ताई, तुमचे उपकार कसे फेडू. वाचलं आणि तशीच निघाले. जीभ गुलाबीच होती. उजव्या हाताला ऑक्सिजन ९७, पायाला ९६, छाती साफ. पण डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावल्यावर हलकी मर्मर (हृदयाच्या ठोक्यांबरोबरचा जास्तीचा आवाज) ऐकू आली म्हणून उद्या सकाळी इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितलाय. शेजारून नळाचं, नर्मदेचं पाणी आणतोय, तेच उकळून वापरतो, बोरिंगचा नमुना उद्या तपासायला देणार. इकोच्या वेळी बाळ रडलं तर चालतं का, की पाजून झोपवून न्यायचं? कोणी नुकतं करून आलं असेल तर सांगा.