बंदुकीचा हक्क खरंच १७९१ पासूनचा आहे का?

न्यूजर्सीकर :
मुलगी इथे अमेरिकेत दुसरीत आहे. शाळेत बंदूकधारी शिरला तर दिवे मालवून कोपऱ्यात गप्प कसं बसायचं, याचा सराव तिला करावा लागतो. यावर बोललं की उत्तर ठरलेलं : '१७९१ पासूनचा घटनादत्त हक्क आहे.' मला हे पटत नाही. हा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीची सुरुवातच 'सुनियंत्रित मिलिशिया'पासून, म्हणजे नागरिकांच्या सैन्यदलापासून होते. घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क, असं सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा म्हटलं ते २००८ साली, हेलर खटल्यात, तेही ५ विरुद्ध ४ मतांनी. १९६७ साली कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक घेऊन रस्त्यावर फिरायला बंदी आली, तिच्यावर सही तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची. एनआरए या बंदूकधारकांच्या संघटनेचाही पाठिंबा होता! या संघटनेचा सूर बदलला १९७७ मध्ये, सिनसिनाटीच्या अधिवेशनात बंदूकहक्काच्या कट्टर समर्थक हार्लन कार्टरच्या गटाने ती ताब्यात घेतल्यावर. मग 'सनातन हक्क' कसला?

टेक्सासवासी :
१९६७ ची गोष्ट अर्धीच सांगितलीत. तो कायदा कोणासाठी आला? ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांवर नजर ठेवत होते. तेव्हा ते कायदेशीर होतं. गोऱ्यांच्या हातातल्या बंदुकांनी तोवर कोणाची झोप उडाली नव्हती. त्याआधी १८६५ मध्ये मिसिसिपीने नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला मनाई केली. १९५६ साली घरावर बॉम्ब पडल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी परवाना मागितला, तो नाकारला गेला. परवाना साहेबाच्या मर्जीवर असला की काय होतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्यात परवान्याची सक्ती हिंदी माणसाला होती, युरोपियनांना सूट होती.

न्यूजर्सीकर :
किंगांचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ते राहत होते त्याच देशात सँडी हुकच्या शाळेत सहा-सात वर्षांची २० मुलं मारली गेली. चार महिन्यांनी, एप्रिल २०१३ मध्ये, सेनेटपुढे आलेला मँचिन आणि टूमी या दोन सेनेटरांचा प्रस्ताव बंदुका काढून घेणारा नव्हता. बंदुकांच्या प्रदर्शनात आणि इंटरनेटवर होणाऱ्या विक्रीलाही खरेदीदाराच्या पार्श्वभूमीची तपासणी लावा, एवढंच त्यात होतं. ५४ मतं मिळाली, लागत होती ६०. यात कोणत्या दुबळ्याचं रक्षण झालं?

पुणेकर :
ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर लाखो बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. अमेरिकेला का जमू नये?

टेक्सासवासी :
कारण इथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत आणि कोणाकडे किती, याची देशपातळीवर नोंदवहीच नाही. तशी नोंदवही ठेवायला १९८६ च्या कायद्याने मनाई आहे, आणि ती मनाई राहावी असं मला वाटतं. याद्या कोणाच्या हाती जातील याचा नेम नाही. तपासणीला मात्र माझा विरोध नाही. दुकानात माझीही झाली. २०१३ चा प्रस्ताव मी पाडला नसता.

न्यूजर्सीकर :
मग हे तुमच्या सेनेटरला कळवा. माझ्या फोनपेक्षा तुमच्या फोनला तिथे जास्त वजन आहे.