मदत हवी आहे: फिजिक्सच्या विद्यार्थ्यांसाठी पारितोषिक, पण निकष कसे लिहायचे?

नमस्कार मंडळी,

मी मुंबईतल्या एका कॉलेजात बीएस्सीला फिजिक्स शिकवते. आमच्याकडून निवृत्त झालेल्या एका सरांच्या घरच्यांनी कॉलेजकडे ठेव ठेवली आहे. तिच्या व्याजातून दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, टीवायच्या (बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या) एका विद्यार्थ्याला पारितोषिक द्यायचं आहे. देणगीपत्रात 'गुणवत्ता आणि विज्ञानप्रसार' असे शब्द आहेत. रक्कम बेताची, पण मुलांच्या लेखी मान मोठा. निकष लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि तिथेच गाडी अडली आहे.

गुणवत्तेचं सोपं आहे. सीजीपीए असतो, प्रोजेक्ट असतो. शिवाय आयएपीटी या फिजिक्स शिक्षकांच्या संघटनेची एनजीपीई ही पदवीच्या मुलांसाठीची परीक्षा, विद्यापीठाची आविष्कार ही संशोधन स्पर्धा, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम. यंदा पहिली आलेली आमची मुलगी यातलं बरंच करून बसली आहे. तिच्याबद्दल कोणाचंच दुमत नाही.

पेच आहे तो एका मुलामुळे. मार्क यथातथाच. पण आमची मुलं शनिवारी पालिकेच्या शाळांत प्रयोग दाखवायला जातात, त्याचा सगळा भार हा वाहतो. कुर्ल्याच्या एका शाळेत त्याने तांब्याच्या नळीतून चुंबक सोडून दाखवला. साधा लोखंडी तुकडा खटकन खाली पडतो, चुंबक मात्र रेंगाळत येतो. लेन्झचा नियम: पडणाऱ्या चुंबकामुळे नळीत वीजप्रवाह फिरतो आणि तो चुंबकालाच अडवतो. सगळेच दाखवतात. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "दादा, नळी उभी चिरली तर?" हा म्हणाला, "मला नक्की माहीत नाही, करून बघू." पुढच्या खेपेला तशीच नळी वरपासून खालपर्यंत चिरून घेऊन गेला. तिच्यातून चुंबक बराच लवकर खाली आला, कारण नळीला वेढा घालून फिरणाऱ्या प्रवाहाची वाटच तुटली होती. हे कारण त्याने सांगून टाकलं नाही, प्रश्न विचारत विचारत वर्गाकडूनच काढून घेतलं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. विषय कळल्याशिवाय असं जमत नाही, आणि मार्कलिस्टवर यातलं काहीच उमटत नाही.

विभागात दोन मतं आहेत. एचओडी सर म्हणतात, दोन्ही अंगं असलेला एकच विद्यार्थी निवडा. ते नारळीकरांचा दाखला देतात: एवढं मोठं संशोधन, आणि १९९६ साली विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोचं कलिंग पारितोषिकही. मला नारळीकरांबद्दल नितांत आदर आहे, पण विशीतल्या मुलांना ती पट्टी लावणं बरोबर वाटत नाही. आणि साठ टक्के मार्कांना, चाळीस प्रसाराला असं सूत्र केलं तर मार्कच बाजी मारणार. प्रसाराच्या रकान्यात मग सर्टिफिकेटं आणि फोटो भरले जातील.

तर पारितोषिक दोन भागांत द्यावं का? प्रसाराचं एकट्याला द्यावं की गटाला? ती नळी वर्कशॉपमधून चिरून आणणारी, सामान लोकलमधून वाहणारी मुलं वेगळीच आहेत. आणि परीक्षकांनी नेमकं बघायचं काय? कोणी असे निकष लिहिले असतील तर मजकूर इथे द्याल का?

— शनिवारची_शाळा

प्रतिसाद: ध्रुवतारा

दोन भाग कराच. मी अमेरिकेत शिकत असताना पाहिलं, तिथे या गोष्टी एका तराजूत घालत नाहीत. अमेरिकन फिजिकल सोसायटीचा लेरॉय ॲपकर पुरस्कार पदवीच्या विद्यार्थ्याला मिळतो, तो निव्वळ संशोधनासाठी. प्रसाराचं काम सोसायटी ऑफ फिजिक्स स्टुडंट्स बघते. तिच्या कॉलेजांतून शाखा असतात. शाळकरी मुलांपर्यंत आणि सामान्य लोकांपर्यंत फिजिक्स पोहोचवल्याबद्दल ब्लेक लिली पारितोषिक असतं, ते शाखेलाही मिळू शकतं. मला त्याहून पटलेला प्रकार म्हणजे मार्श व्हाइट पुरस्कार. त्यात काय करणार ते आधी लिहून द्यायचं आणि त्यासाठी पैसे घ्यायचे. तुम्हीही व्याजातला काही भाग वर्षाच्या सुरुवातीला सामानासाठी द्या. नळ्या, चुंबक, भिंगं मुलांनी खिशातून का आणायची?

प्रतिसाद: निवृत्त_बाई

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची सहावी आणि नववीची बालवैज्ञानिक स्पर्धा तुम्हाला माहीत असेलच. लेखी झाल्यावर प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. पाठांतराच्या जोरावर लेखी पार पडतं, मुलाखतीत मात्र दोन प्रश्नांत कळतं. तुम्हीही मुलाखत ठेवा आणि प्रत्येकाला एकच विचारा: शाळेतल्या मुलांनी विचारलेला कोणता प्रश्न तुला आला नाही, आणि मग तू काय केलंस? तुमच्या त्या मुलाचं उत्तर तयार आहे.

किती शाळा, किती प्रेक्षक हे मोजूच नका. त्याच शाळेत परत गेले का, ते बघा. आणि त्या शाळेच्या बाईंकडून चार ओळी मागवा, त्या खोटं लिहीत नाहीत. परीक्षक बाहेरचा असावा. रुपारेल कॉलेजात आणि पृथ्वी थिएटरला टीआयएफआर या संशोधन संस्थेचा 'चाय अँड व्हाय?' हा लोकांसाठीचा विज्ञानगप्पांचा कार्यक्रम होतो, तशा कार्यक्रमात बोललेलं कोणी मिळालं तर उत्तम.

शनिवारची_शाळा:

बाई, तुमचा प्रश्न जसाच्या तसा निकषांत घालते. ध्रुवतारा, सामानाच्या पैशांचं विभागात आजच बोलले, सरांनाही पटलं. आता मसुदा असा आहे: गुणवत्तेचं पारितोषिक एका विद्यार्थ्याला, प्रसाराचं गटाला, आणि गटाने आपल्यातल्या कोणी काय केलं ते स्वतः लिहून द्यायचं.

एक अडचण उरते. देणगीपत्रात 'एका विद्यार्थ्याला' असं स्पष्ट लिहिलंय. सरांच्या मुलीशी फोनवर बोलले, तिची काहीच हरकत नाही. पण तिचं पत्र पुरेल का, की कॉलेजच्या व्यवस्थापनाचा ठरावही लागेल? ठेवींचं कामकाज पाहिलेलं कोणी असेल तर कृपया सांगा, जानेवारीच्या सभेआधी कागद पुढे पाठवायचे आहेत.