काहीच दुखत नसताना वाढलेली साखर शरीरात नेमके काय करत असते?

धोमकाठ

नमस्कार. माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. एसटीत चालक म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले आणि आता वाईजवळ आमच्या गावी थोडी हळद, थोडी ज्वारी करतात. मागच्या महिन्यात गावातल्या नेत्रतपासणी शिबिरात सहज रक्त तपासले, तेव्हा साखर वाढलेली आढळली. नंतर साताऱ्याला रीतसर तपासणी केली. उपाशीपोटीची साखर १४८, जेवणानंतर दोन तासांनी २३६ आणि एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ८.१ आली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आहे, पण पाकीट अजून फोडलेले नाही.

वडिलांचे म्हणणे असे की, "मला कुठं काय दुखतंय? तहान नाही, चक्कर नाही, रोज दोन तास शेतात वाकून काम करतोय." त्यांचे वजन ६२ किलो आणि उंची ५ फूट ६ इंच आहे, म्हणजे त्यांना कोणीही लठ्ठ म्हणणार नाही. गोडाचीही आवड नाही. सणाला पोळी झाली तरी एकीवर थांबतात. चहा तेवढा गुळाचा घेतात. आमच्या घराण्यात आजवर कोणाला मधुमेह असल्याचे माहीत नाही, अर्थात आजोबांच्या पिढीत रक्त तपासले होते कोणाचे, हाही प्रश्नच आहे. शेजारच्या काकांनी कारल्याचा रस सुचवला आहे आणि एकदा गोळी सुरू झाली की ती सुटत नाही, अशी भीतीही घातली आहे.

मला वडिलांशी भांडायचे नाही, त्यांना नीट समजावून सांगायचे आहे. त्यासाठी आधी मला समजले पाहिजे. गोड न खाणाऱ्या, अंगाने किरकोळ असलेल्या माणसाला हा आजार का होतो? रात्री आठला जेवून झोपलेल्या माणसाची साखर सकाळी, पोटात काही नसताना, वाढलेली कशी असते? आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, जर काहीच त्रास होत नसेल तर ही साखर आत नेमके काय बिघडवत असते?

आरोग्यवाट

मी ३४ वर्षे सामान्य वैद्यकीय व्यवसाय केला आणि आता निवृत्त झालो आहे. आपल्या वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे उपचार त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावेत. मी फक्त शरीरात काय घडते ते सांगतो.

आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यातच या आजाराची गुरुकिल्ली आहे. रक्तातली साखर केवळ ताटातून येत नाही. आपण रात्री उपाशी असतो तेव्हा मेंदूला साखर पुरवत राहण्याचे काम यकृत करते. ते साठवलेली साखर सोडते आणि नवीही तयार करते. "आता पुरे" हा निरोप यकृताला इन्सुलिन देते. स्वादुपिंडातील बीटा पेशी हे इन्सुलिन तयार करतात. जेवणानंतर हेच इन्सुलिन स्नायूंना साखर आत घ्यायला लावते. यकृतात आणि स्नायूंत चरबी साठू लागली की त्यांना हा निरोप नीट ऐकू येईनासा होतो. यकृत रात्रभर गरजेपेक्षा जास्त साखर सोडत राहते, म्हणून भाकरीचा तुकडाही न खाता सकाळची साखर १४८ येते. सुरुवातीची कित्येक वर्षे स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करून हे निभावून नेते आणि तपासणीत काहीच दिसत नाही. बीटा पेशी थकून कमी पडू लागल्या की मग आकडे वाढतात. म्हणजे आजार मागच्या महिन्यात सापडला असला तरी त्याची सुरुवात बरीच आधी झाली असण्याची शक्यता मोठी आहे.

आता किरकोळ अंगाबद्दल. वडिलांच्या कमरेचा घेर बेंबीच्या पातळीवर टेपने मोजा. आपल्याकडे पुरुषांत तो ९० सेंटिमीटरच्या वर गेला तर वजन कितीही बेताचे असले तरी पोटातली चरबी वाढलेली आहे असे धरतात. स्त्रियांत ही मर्यादा ८० आहे. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढे, ही ठेवण आपल्या लोकांत फार दिसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तराचा आकडा दोघांचाही २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. आपल्या वडिलांचे गुणोत्तरही मी काढून पाहिले, ते जवळपास २२ येते. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची होती; पण आपल्या बाळांत जी उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची, त्वचेखालच्या चरबीची त्या मानाने फारच थोडी. तेव्हा "मी तर बारीक आहे" हा दिलासा आपल्या लोकांनी बाळगण्यासारखा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. देशभरातील आयसीएमआर-इंडियाब या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले, त्यात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेलेली होती आणि राज्यांत गोव्याचे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के होते.

काहीच दुखत का नाही? पूर्वी लोक लघवीला मुंग्या लागल्या म्हणजे मधुमेह झाला असे ओळखत. परंतु रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेल्याशिवाय मूत्रपिंडे ती लघवीत सोडत नाहीत. साखर लघवीत उतरली की आपल्याबरोबर पाणी ओढून नेते आणि मग तहान लागते, रात्री वारंवार उठावे लागते, वजन उतरते. आपल्या वडिलांची साखर ही मर्यादा जेवणानंतर काही वेळ ओलांडत असेल, पण दिवसभर नाही. त्यामुळे गाजावाजा होत नाही. नुकसान व्हायला मात्र १८० ची गरज नसते.

स्नायूंच्या दारावर इन्सुलिनचा पहारा असतो, पण डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि नसा यांतील पेशींत साखर इन्सुलिनवाचूनही शिरते. रक्तात जेवढी जास्त, तेवढी आत जास्त. त्या पेशींना ती नाकारता येत नाही. म्हणून पहिला मार याच तीन ठिकाणी बसतो. पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होऊन त्यांना फुगे येतात, त्या पाझरतात. पण हे पडद्याच्या मध्यभागी पोहोचेपर्यंत माणूस भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचतो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात; त्या खराब होऊ लागल्या की लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाऊ लागते, मात्र मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचे क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य रक्तात वाढते तोवर जवळजवळ निम्मी क्षमता गेलेली असते. नसांचे तर आणखी विचित्र आहे. सर्वांत लांब नसा आधी बिघडतात, म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तसा वर सरकतो. जी नस दुखणे कळवते तीच मुकी होते. वडील "दुखत नाही" म्हणतात ते खरेच आहे, पण मधुमेहात त्या वाक्यावर विसंबता येत नाही. छातीत न दुखता हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले मधुमेही मी माझ्या दवाखान्यात पाहिले आहेत.

सोलापूरकर_लेक

डॉक्टरांनी नसांबद्दल जे लिहिले आहे ते आमच्या घरात घडले, म्हणून लिहीत आहे. धोमकाठ, आपल्या वडिलांना हे वाचून दाखवले तरी चालेल.

माझ्या आईला मधुमेह होऊन ११ वर्षे झाली होती. गोळ्या ती घ्यायची, पण बरे वाटले की सोडायची. शेवटच्या दोन वर्षांत एक गोष्ट आम्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर घडत होती आणि आम्हाला तिचा अर्थ कळत नव्हता. चालता चालता तिची एक चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि ती तशीच पाच-सहा पावले पुढे जायची. मागून कोणीतरी हाक मारायचे, "अहो काकू, चप्पल राहिली." आम्ही नवी चप्पल घट्ट पट्ट्याची घेतली आणि विषय संपला असे समजलो. पायाखाली कापूस पसरल्यासारखे वाटते, असेही ती कधीमधी म्हणायची.

त्या वर्षी नवरात्रात ती दुपारी एकच्या सुमारास देवळात गेली आणि अनवाणी प्रदक्षिणा घातल्या. सोलापूरचे ऊन आश्विनातही कसे असते ते इथल्या माणसाला सांगायला नको, आणि देवळाभोवती काळी फरशी आहे. बाकीच्या बायका टाचा उचलत, पळत सावली गाठत होत्या. आई शांतपणे चालत होती. घरी येऊन तिने स्वयंपाक केला, जेवणे झाली. रात्री झोपताना चादर पायाला चिकटली, ती ओढली तेव्हा तिला ओले लागले. दिवा लावून पाहिले तर दोन्ही तळव्यांना मोठे फोड येऊन फुटलेले होते. तिला तोपर्यंत काहीही जाणवले नव्हते. डावा पाय दोन महिन्यांत बरा झाला. उजव्या पायात जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला आणि अंगठा काढावा लागला.

आता ती रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून दोन्ही तळवे पाहते, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करते, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवते. शेतात काम करणाऱ्या माणसाच्या पायात बाभळीचा काटा मोडणे ही रोजची गोष्ट आहे. तो काटा आपल्या वडिलांना अजून टोचतो का, एवढे त्यांना विचारा.

सूक्ष्मदर्शी

मी रक्ततपासणी प्रयोगशाळेत काम करते. एचबीएवनसीबद्दल थोडे लिहिते, कारण रोज खिडकीवर याच शंका विचारल्या जातात.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि त्या काळात रक्तातली साखर तिच्यातील हिमोग्लोबिनला चिकटत जाते. किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली, हा तो आकडा. त्यामुळे तपासणीच्या आधी दोन दिवस भात आणि चहा सोडून येणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर थोडी फसवी येऊ शकते, पण मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब बदलत नाही. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ आणि त्याहून अधिक म्हणजे मधुमेह. ८ टक्क्यांचा अर्थ सरासरी साखर १८३ च्या आसपास राहिली आहे. एक मात्र ध्यानात असू द्यावे. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी झालेले असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही सोबत पाहावे. आपल्या वडिलांच्या बाबतीत तिन्ही आकडे एकच गोष्ट सांगत आहेत, त्यामुळे शंकेला फारशी जागा नाही.

धोमकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे. कमरेचा घेर ९४ भरला. सोलापूरच्या ताईंचा अनुभव मी वडिलांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच दवाखान्यात चला म्हणाले. तिथे डॉक्टरांनी कंप पावणारा चिमटा पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला आणि थरथर थांबली की सांगा म्हणाले. उजव्या पायाला नीट कळले. डाव्या अंगठ्यावर तो अजून थरथरत असताना वडील "थांबला" म्हणाले. डॉक्टरांनी तोच चिमटा लगेच त्यांच्या मनगटाच्या हाडावर ठेवला, तेव्हा थरथर त्यांना स्पष्ट जाणवली. घरी येताना गाडीत ते बराच वेळ डावा अंगठा चोळत होते. गोळी सुरू झाली आहे. डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासला, तो सुदैवाने स्वच्छ आहे. गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल का, हा त्यांचा प्रश्न मात्र कायम आहे, आणि कारल्याचा रस चालू आहे.

आरोग्यवाट

पडदा स्वच्छ असताना आजार हाती लागला, ही फार चांगली गोष्ट झाली. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. निदान झाल्यापासून साखर आटोक्यात ठेवलेल्यांचे डोळे आणि मूत्रपिंडे अधिक सांभाळली गेली, आणि तो लाभ पुढे अनेक वर्षे टिकला असे नंतरच्या पाठपुराव्यात दिसले.

गोळीची सवय लागत नाही. ज्यांचे वजन बरेच उतरते, त्यांच्यापैकी काहींची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी होते किंवा थांबतेही. आपल्या वडिलांकडे उतरवण्यासारखे वजन थोडे आहे, तेव्हा त्यांनी स्नायू राखण्यावर भर द्यावा. शेतातले वाकणे चांगलेच, पण दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटे चालणे जेवणानंतरच्या २३६ वर थेट काम करते. ताटात एक भाकरी कमी करून तिच्या जागी उसळ किंवा जाड वरण घ्यावे. गुळाचा चहा मात्र बंद करा. गूळ हीदेखील साखरच आहे. कारल्याचा रस त्यांना आवडत असेल तर घेऊ द्या, पण गोळीच्या बदली नव्हे, आणि डॉक्टरांना तो चालू असल्याचे सांगा. मेटफॉर्मिन हे साखरेचे नेहमीचे औषध दिले असेल तर ते जेवणाबरोबर घ्यावे, म्हणजे पोटाला त्रास कमी होतो. ते वर्षानुवर्षे घेताना बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यानेही पाय बधिर होतात, म्हणून डाव्या अंगठ्याच्या संदर्भात बी-१२ आत्ताच एकदा तपासून घ्या.

आपण लिहिलेल्यात लघवीतील अल्ब्युमिनचा उल्लेख नाही. ती तपासणी राहिली असेल तर सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत घेऊन जा. आदल्या दिवशी ताप असेल किंवा फार अंगमेहनतीचे काम झाले असेल तर चार दिवस थांबा, नाहीतर आकडा उगाच वाढून येतो. हळदीची काढणी सुरू असेल तर ती उरकल्यावर जा.