मदत हवी आहे: लेसरने पान तपासून झाडावरचा प्रदूषणाचा ताण ओळखायचा आहे

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला एमएससी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी एबी रोडच्या कडेच्या आणि रेसिडेन्सी भागात आत असलेल्या करंजांची पानं तपासतोय. पान पिवळं पडायच्या आतच झाडाचे हाल कळावेत, ही इच्छा. पिवळं पडल्यावर तर कुठलाही माळी सांगेल.

४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेसर पानावर टाकतो. हरितद्रव्याने शोषलेल्या प्रकाशातला एक-दोन टक्के भाग लाल होऊन परत बाहेर पडतो. अंधाऱ्या खोलीत, लेसर अडवणाऱ्या फिल्टरमधून हिरवंगार पान चक्क लालभडक दिसतं! स्पेक्ट्रोमीटरवर (प्रकाश तरंगलांबीनुसार मोजणारं यंत्र) ६८५ आणि ७३५ नॅनोमीटरच्या आसपास दोन शिखरं येतात. हरितद्रव्य भरपूर असलं की ६८५ चा बराचसा प्रकाश पान स्वतःच पुन्हा शोषतं. ते घटलं की पहिलं शिखर वर येतं. म्हणजे ६८५ भागिले ७३५ हे गुणोत्तर वाढलं, की झाड त्रासात.

रस्त्याकडेच्या पानांचं गुणोत्तर जास्त येतंय खरं. पण ते धुरामुळेच, हे कशावरून? तिथे पाणी कमी, माती कमी. नत्र कमी पडलं तरी हरितद्रव्य घटतंच, आणि कोवळ्या पालवीचं गुणोत्तर मुळातच जास्त. शिवाय लेसर लावताच या लाल प्रकाशाचा सिग्नल उसळतो आणि मग उतरत जातो, तर आकडा कधी टिपायचा? पानं पुसायची की धुळीसकट घ्यायची? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
सिग्नल उतरतो तो कौट्स्की परिणाम, १९३१ पासून माहीत असलेला. उलट तोच कामाला लावा. पान २०-३० मिनिटं अंधारात ठेवा, मग लेसर लावून ६८५ चा सिग्नल स्थिर होईपर्यंत नोंदवा. तीन-चार मिनिटं लागतील. सुरुवातीला उसळलेल्या सर्वात वरच्या आकड्यातून स्थिर पातळी वजा करा आणि स्थिर पातळीनेच भागा. धडधाकट पानात उत्तर तीनच्या आसपास किंवा वर येतं. एकच्या खाली गेलं तर पान अन्न जवळपास बनवतच नाही. हरितद्रव्य शाबूत असतानाही हा आकडा पडू शकतो, म्हणून तुमच्या कामाला तो गुणोत्तरापेक्षा बरा. मात्र लेसरचा झोत पुरेसा प्रखर हवा आणि दर वेळी तेवढाच.

धुळीसाठी करंज सोयीचा आहे. त्याच्या पर्णिका (एकाच पानातली छोटी पानं) समोरासमोर असतात. एक ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा, समोरची तशीच ठेवा.

कारण मात्र नुसता लेसर सांगणार नाही. एकाच रोपवाटिकेतली रोपं घ्या, कुंड्यांत माती एकच, पाणी मोजून. निम्म्या कुंड्या रस्त्यावर, निम्म्या आत. मग जो फरक उरेल तो हवेचा म्हणता येईल. आणि ४०५ फिका दिसतो म्हणून बेफिकीर राहू नका, लेसरपासून डोळे वाचवणारा चष्मा लावाच.

धागाकर्ता:
मनापासून आभार! कुंड्यांचंच करतो. पण रस्त्यावर त्या राहतील असं वाटत नाही. एबी रोडला लागून कुणा इंदूरकराची पहिल्या मजल्याची गॅलरी असेल आणि चार-सहा रोपं ठेवू देणार असाल, तर कृपया कळवा. पाणी घालायला मी रोज येईन.