मदत हवी आहे: अ‍ॅक्वाटिंटमधला सर्वांत गडद टोन राखाडी पडतोय

अ‍ॅक्वाटिंट म्हणजे धातूच्या प्लेटवर राळेचे बारीक कण चिकटवून, त्यांच्यामधली जागा रसायनाने खाऊन खरखरीत पोत (दाणा) बनवायचा आणि त्यातल्या शाईने टोन छापायचा. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या १७९९च्या 'काप्रिचोस' या छापचित्रमालेत पार्श्वभूमीला असतो तसा सलग गडद टोन हवाय. तांब्याची प्लेट, १५ × २० सेंमी. फिके, मधले टोन नीट येतात. सर्वांत गडद भाग मात्र मधोमध राखाडी आणि कडेला काळी रेघ. भिंगाखाली तिथे दाणाच नाही, गुळगुळीत खड्डा. शाई पुसताना निघून जाते.

खडूची पूड आणि व्हिनेगरने तेलकटपणा काढला, पाणी प्लेटभर सारखं पसरतं. राळेची पूड डब्यात उडवून बसवली, खालून आच देऊन पारदर्शक होईपर्यंत तापवली. तांबं खायला फेरिक क्लोराइडचं द्रावण, ४० बोमे (घनतेचं माप), त्यात प्लेट पालथी, नाहीतर गाळ साचतो. एकूण वेळ २५ मिनिटं. १२ला थांबवलं तर दाणा टिकतो, पण टोन करडाच. शाईचा दोष नाही, त्याच प्लेटवरच्या कोरलेल्या रेषा कुळकुळीत छापल्या जातात.

नायट्रिक आम्ल नको, त्याच्या वाफा होतात आणि खोलीला खिडकी एकच आहे. राळेऐवजी स्प्रेपेंटही त्याचसाठी नको.

राळ जास्त दाट बसवू, की दाणाच जाड घेऊ? की १२ मिनिटांनी राळ धुऊन, फिके भाग वार्निशने झाकून, नुसत्या गडद भागावर राळेचा दुसरा थर द्यायचा? तसं केल्यास दुसऱ्या वेळी किती मिनिटं ठेवायची?