‘थर्टीसिक्स्थ चेंबर’ फॉरवर्ड करून बघायचा?

डोंबिवलीकर: काल इथे एकाने लिहिलं की ‘थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ या कुंग फूच्या सिनेमात (१९७८) स्टोरीच नाही, मधलं ट्रेनिंग फॉरवर्ड करा. डोकंच फिरलं. अरे ते ट्रेनिंग हीच स्टोरी आहे! शाओलिन मठात कुंग फू शिकायला आलेला हिरो सान ते थेट सगळ्यात वरच्या ३५व्या चेंबरमध्ये, म्हणजे ट्रेनिंगच्या शेवटच्या टप्प्यात, घुसतो, तिथून उडवला जातो, मग पहिल्यापासून सुरुवात. जेवायला जायचं तर पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवर पाय देऊन, चुकला की पाण्यात. पुढे बादल्या घेऊन चढ चढायचा, दंडाला सुऱ्या बांधलेल्या, हात खाली आले की टोक बरगडीत. सान ते झालेल्या गॉर्डन लिऊचे थरथरणारे हात बघा जरा.

खवट: मीच लिहिलं होतं, परत लिहितो. चार चेंबर बघितले की पुढे तेच ते. त्याच वर्षीचा ‘ड्रंकन मास्टर’ बघा, जॅकी चॅन उनाड, आगाऊ, मार खातो, पळतो, मग सुधारतो. तिथे माणूस बदलताना दिसतो.

निशिगंधा: सान तेला चेंबरगणिक फी नव्हती! आमच्या मुलाच्या कराटे क्लासात दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा, फी वेगळी, बेल्टचे वेगळे, सर्टिफिकेटचे वेगळे. मुलगा ब्राऊन बेल्ट झाला, दहा पुशअप येत नाहीत.

दोजो: सगळ्यांना एका मापात मोजू नका. १४ वर्षं कराटे शिकवतोय. एका पोराला सहा महिने नुसतं किबा-दाचीत, म्हणजे गुडघे वाकवून घोड्यावर बसल्यासारखं, उभं केलं तर आई म्हणाली, शेजारच्याचा ग्रीन झाला, आमचा कधी? आणि काढून नेला त्याला. बेल्टची घाई पालकांनाच असते.

निशिगंधा: मी नाही केली घाई. आमच्या सरांना परीक्षेच्या दिवशी मुलाचं नावसुद्धा आठवत नव्हतं, दोन वर्षांनंतर! मुलगा घरी येऊन रडला.

दोजो: हे मात्र चूकच आहे. मान्य.

डोंबिवलीकर: धागा सिनेमाचा आहे हो! खवट, या सिनेमाचे डायरेक्टर लाऊ कार-लेउंग, त्यांचे वडील कुंग फू गुरू लाम साइ-विंगचे शिष्य, आणि लाम हे प्रसिद्ध कुंग फू गुरू वाँग फेइ-हुंगचे शिष्य. म्हणजे तुमचा जॅकी ‘ड्रंकन मास्टर’मध्ये ज्याचा रोल करतो त्याचीच विद्या या घरात आलेली, म्हणून कुठला व्यायाम कशासाठी ते नीट कळतं. आणि माणूस बदलत नाही कसा? मठातल्याच गुरूकडून हरल्यावर तो तीन तुकड्यांची काठी स्वतः शोधून काढतो, कोणी शिकवत नाही.

खवट: काठीचं ठीक आहे, ते सोडलं तुम्हाला. वंशावळीने पिक्चर चांगला होत नाही, ट्रेनिंग मी परतही पळवूनच बघणार.