गेम ऑफ थ्रोन्स : एलारिया सँडचं कॅरेक्टर असं का वाया घालवलं?

रामबागवाला

रंगपंचमीची सुट्टी जोडून आली म्हणून बायकोबरोबर ही सिरीज परत पहिल्यापासून लावली, तिनं आधी पाहिली नव्हती. चौथा सीझन संपेपर्यंत ती जागची हलत नव्हती आणि पाचव्यात डॉर्न नावाच्या राज्याची गोष्ट सुरू झाली की सरळ मोबाइल हातात घेते. मी तिला थांब थांब म्हणतो पण मलाच पटत नाही हो थांबायचं कशासाठी ते.

मला एलारियाबद्दल विचारायचंय. तिचा जोडीदार, डॉर्नचा राजपुत्र ओबेरिन राजधानीत किंग्ज लँडिंगला आला कशासाठी, तर बहीण एलिया आणि तिची लेकरं मारली त्याचा हिशोब मागायला. राणी सर्सीला तो बागेत तोंडावर सांगतो की आमच्या डॉर्नमध्ये लहान मुलींना आम्ही त्रास देत नाही. एलियाला मारणाऱ्या माउंटनबरोबरची लढाई जिंकत आलेला असतो तरी त्याच्या तोंडून कबुली हवी म्हणून थांबतो आणि त्यातच जातो. एलारिया हे सगळं समोर उभी राहून बघते. आणि पुढच्याच सीझनमध्ये हीच बाई ओबेरिनच्या थोरल्या भावाला, डॉर्नचा कारभार बघणाऱ्या डोरानला म्हणते की सर्सीच्या लेकीची, मिर्सेलाची बोटं एकेक करून सर्सीकडे पाठवू. अरे ज्या माणसासाठी सूड घेतेय त्याचंच म्हणणं पायाखाली घालतेय आणि ते तिला कुणी एकदाही विचारत नाही!

त्याहून वाईट म्हणजे नववा एपिसोड. डोरानपुढे गुडघे टेकून रडते, मग मिर्सेलाचा खरा बाप जेमी, त्याच्याकडे जाऊन शांतपणे बोलते की तुझ्या मुलीचा यात काही दोष नाही, कदाचित तुझाही नसेल. किती सुंदर सीन आहे तो, मला खरंच वाटलं की आता ही बदलली. दहाव्यात बंदरावर त्याच मुलीला विषारी ओठांनी निरोप देते. मधे काय झालं? ते सगळं नाटकच होतं म्हणावं तर तसा एक तरी इशारा द्यायचा ना आधी. कुणाला यात काही धागा दिसला असेल तर सांगा, मला मनापासून समजून घ्यायचंय.

महेश्वरची माहेरवाशीण

दादा, धागा सापडणार नाही कारण तो कापूनच टाकलाय. ज्या पुस्तकांवर सिरीज बेतलीय त्यातली एलारिया अगदी उलटी आहे. पाचव्या पुस्तकात माउंटनची कवटी डॉर्नला येते, ओबेरिनच्या मुली अजून रक्त मागत असतात, आणि एलारिया त्यांना म्हणते की एलियासाठी ओबेरिन गेला, आता ओबेरिनसाठी तुम्ही जाणार, मग तुमच्यासाठी माझ्या मुली, हे थांबणार कुठं? वाचताना अंगावर काटा येतो. दुःख सगळ्यात जास्त तिचं आणि तीच सूड नको म्हणते! सिरीजवाल्यांनी नाव तिचं ठेवलं आणि काम दुसऱ्यांचं दिलं.

ते दुसरं कॅरेक्टर म्हणजे एरिआन, डोरानची थोरली मुलगी. डॉर्नमध्ये वारसा थोरल्याला जातो, मुलगी असो की मुलगा, म्हणून मिर्सेलाला राणी म्हणून उभं करायचा कट ती करते. मारायचा नाही, मुकुट घालायचा! डोरान तिला कोंडतो आणि शेवटी सांगतो की मी इतकी वर्षं गप्प बसलो ते भित्रेपणानं नाही, आतून तयारी चालली होती. बापलेकीचा तो प्रसंग म्हणजे डॉर्नचा जीव आहे. एरिआन सिरीजमध्ये नाही, तिचा भाऊ क्वेंटिन नाही, मग डोरान काय करणार, खुर्चीत बसून राहिला आणि सहाव्याच्या पहिल्या एपिसोडमध्ये मारला गेला. अलेक्झांडर सिद्दिगसारखा नट घेऊन! मला त्याचं फार वाईट वाटतं.

ओल्ड पलासिया

इतकं पण वाईट नाही यार. पुस्तकातलं सगळं घ्यायचं म्हटलं तर अजून दोन सीझन लागले असते, दहा एपिसोडमध्ये वॉल, मिरीन, विंटरफेल सगळं बसवायचं होतं. आणि इंदिरा वर्मानं जे मिळालं त्यात जीव ओतलाय. सातव्याचा तळघरातला सीन आठवा, सर्सी एलारियाच्या लेकीला, टायीनला तसंच विषारी चुंबन देते आणि एलारियाच्या तोंडात बोळा, हात साखळीत, समोर लेक मरणार ते बघत बसायचं. एक शब्द नाही तिला बोलायला, नुसत्या डोळ्यांवर तो सीन उभा केलाय बाईनं. माझ्यासाठी तो पूर्ण सातव्या सीझनमधला सगळ्यात भारी सीन आहे.

मारामारी मात्र खराब आहे हे मान्य. वॉटर गार्डन्समध्ये जेमी, त्याचा साथीदार ब्रॉन आणि ओबेरिनच्या तिघी मुली एकाच मिनिटाला मिर्सेलाला पळवायला येतात, कुणाचा चाबूक कुठं जातोय कळत नाही, आणि डोरानचा अंगरक्षक होटा याचे शिपाई येऊन संपवतात. सेव्हियाच्या अल्काझारसारखा खराखुरा राजवाडा शूटिंगला मिळाला होता, त्यात हे केलं.

जेलरोड काका

मी राजकारणाच्या बाजूनं बघतो. एलारियानं डोरानला खंजीर खुपसला, टायीननं होटाला पाठीत, आणि आजूबाजूचे पहारेकरी जागचे हलले नाहीत. ती म्हणते लोक तुझ्यावर नाराज आहेत. बरं, असतील, पण दाखवा की! ओबेरिनशी तिचं लग्न झालेलं नाही, मार्टेल म्हणजे डॉर्नच्या राजघराण्याचं रक्त नाही, गादीवर काडीचा हक्क नाही. डॉर्नचे बाकीचे सरदार कुठं गेले?

आपण इंदूरचे लोक, आपल्याला हे कुणी शिकवायला नको. मालेराव होळकर १७६७ साली गेले तेव्हा दिवाण गंगाधरपंतांनी दत्तकाचा डाव टाकला, राघोबादादा फौज घेऊन निघाले. अहिल्याबाई तर मल्हाररावांच्या सून, कारभारात मुरलेल्या, तरी त्यांना सरदार बांधून ठेवावे लागले, पुण्याहून माधवरावांची मान्यता आणावी लागली, फौज तुकोजींच्या हाती द्यावी लागली. सत्ता अशी येते, दहा ठिकाणी गाठी मारत. सिरीजच्या पहिल्या चार सीझनमध्ये हे भान पक्कं होतं, सर्सीचा बाप टायविन म्हातारा नुसती पत्रं लिहून लढाया जिंकायचा. डॉर्नला तेच भान सुटलं आणि म्हणून तिथं जे काय होतं त्याला वजनच नाही. समुद्री चाच्या युरॉननं समुद्रात टायीनच्या बहिणी ओबारा आणि निमला त्यांच्याच हत्यारांनी मारलं तेव्हा मला काही वाटलं नाही, आणि वाटायला हवं होतं, पोरी ओबेरिनच्या होत्या.

रामबागवाला

काका, सरदारांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, आणि तो अगदी बरोबर आहे. ओल्ड पलासिया भाऊ, तळघराच्या सीनबद्दल शंभर टक्के सहमत, पण मला म्हणूनच जास्त राग येतो. तो सीन इतका लागतो तो आईचा म्हणून, आणि एलारिया आई आहे हे त्याआधी दाखवलंय कुठं? टायीनबरोबर एक शांत सीन, दोघी नुसत्या ओबेरिनबद्दल बोलताहेत एवढं जरी असतं.

काल रात्री सहाव्याचा पहिला एपिसोड लागला. डोरानचा मुलगा ट्रिस्टेन, मिर्सेलाचा होणारा नवरा, जहाजात बसून मिर्सेलाच्या डोळ्यांवर ठेवायचे दगड रंगवत असतो, छोटा ब्रश घेऊन, अगदी मन लावून. बायकोनं मोबाइल खाली ठेवला. तेवढ्यात ओबारा आणि निम आत. मागच्या सीझनला या दोघी डॉर्नच्या बंदरावर उभ्या होत्या, इथं कुठून आल्या माहीत नाही. पाठीमागून भाला. दगड रंगवणारा मुलगा ओबेरिनचा सख्खा पुतण्या आहे! बायको म्हणाली, "आता हे लोक सुटले तरी चालतील मला." आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ताई, तुम्ही एरिआनबद्दल जे लिहिलंय ते वाचायचंय. चौथं पुस्तक थेट घेतलं तर चालेल का?

महेश्वरची माहेरवाशीण

थेट चौथं नका घेऊ, तिसऱ्यापासून घ्या, ओबेरिन तिथं येतो आणि तो भेटल्याशिवाय डोरानचं गप्प बसणं कळणार नाही. चौथ्यात डॉर्नची प्रकरणं थोडीच आहेत, सलग वाचली तर दोन रात्रींत होतात, आणि एलारियाचं ते बोलणं पाचव्यात होटाच्या प्रकरणात आहे. सहावं अजून आलेलंच नाही त्यामुळे एरिआनचं पुढे काय होतं ते आम्हालाही माहीत नाही. वहिनींना मात्र आधी डोरान आणि एरिआनचा तो प्रसंग वाचून दाखवा.